तीन बोटांचे अंतर

पंचवटीच्या कथेत नाक आणि कान यांना मोठे स्थान आहे. शूर्पणखेचे नाक-कान येथे कापले गेले आणि 'नासिका' या शब्दावरून नाशिक हे नाव रूढ झाले, असे परंपरा मानते. कथेतील तो कान म्हणजे बाहेरून दिसणारी पाळी. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती केवळ पेढीवरची पाटी होय. खरी पेढी आत, कवटीच्या अत्यंत कठीण हाडात थाटलेली असते. तिच्या शेजारी, एका पातळ भिंतीपलीकडे, जबड्याचा सांधा असतो. या दोन शेजाऱ्यांचे नाते इतके जुने आणि गुंतागुंतीचे आहे की एकाचे दुखणे पुष्कळदा दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहते. व्यापारी कुटुंबांत निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या एका सवयीचा या नात्याशी निकटचा संबंध आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी हे घर आतून पाहणे आवश्यक आहे.

दातांवर दात घट्ट आवळून गालाच्या मागच्या भागावर, जबड्याच्या कोपऱ्यापाशी, बोटे ठेवावीत. त्वचेखाली जो टणक गोळा उभा राहतो तो मॅसेटर नावाचा स्नायू. गालाच्या हाडाच्या कमानीपासून निघून तो खालच्या जबड्याच्या बाहेरील अंगास चिकटतो. आता बोटे कानशिलावर न्यावीत आणि पुन्हा दात आवळावेत. तेथे पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस हलताना जाणवतो. त्याचे तंतू डोक्याच्या बाजूवरून एकत्र येत, गालाच्या कमानीखालून उतरून, जबड्याच्या वर निघालेल्या एका टोकदार शिंगास जोडले जातात. हे दोन स्नायू हाताला लागतात. उरलेले दोन, आतला आणि बाहेरचा टेरिगॉइड, जबड्याच्या आतील अंगास खोल दडलेले असतात व बोटांना सहज सापडत नाहीत.

एका बाजूस असे चार. त्यांपैकी तीन तोंड मिटतात आणि एकटा बाहेरचा टेरिगॉइड ते उघडण्यास हातभार लावतो. हिशेब विषम वाटतो, परंतु उघडण्याच्या कामी त्याला हनुवटीखालील लहान स्नायू साहाय्य करतात आणि जबड्याचे स्वतःचे वजनही खालीच ओढत असते. चावण्यास मात्र खरे बळ लागते. निसर्गाने भांडवल तेथे गुंतवले आहे.

कानाच्या छिद्रासमोर जो लहानसा उंचवटा असतो त्याच्या लगेच पुढे बोट ठेवून सावकाश तोंड उघडावे. प्रथम हाडाचा एक गोल माथा जागच्या जागी फिरल्यासारखा वाटतो. तोंड अधिक उघडताच तो पुढे सरकतो आणि बोटाखाली एक खळगा तयार होतो. जबड्याचा हा सांधा दरवाजाच्या बिजागरीप्रमाणे फिरतो आणि खणाप्रमाणे सरकतोही. दोन्ही हाडांच्या मध्ये एक मऊ चकती असते. ती जागेवरून किंचित हलली तर घास चावताना कानाजवळ 'कट्' असा आवाज येतो. केवळ आवाज असेल, वेदना नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर सहसा काही करावे लागत नाही. मोठी जांभई देताना हा माथा पुढच्या उंचवट्यापलीकडे गेला की तोंड उघडेच अडकते. मग जाणत्या हातांनी जबडा खाली दाबून मागे ढकलावा लागतो. घरच्यांनी तो प्रयोग करू नये.

जबड्याच्या उभ्या फांदीच्या आत, गालाच्या हाडामागे, एक अरुंद दरी आहे. दोन्ही टेरिगॉइड येथेच असतात. चेहऱ्याच्या खोल भागास रक्त पुरवणारी धमनी येथूनच वाट काढते, आणि कवटीच्या तळाच्या एका अंडाकृती छिद्रातून जबड्याची मुख्य नस येथेच उतरते. ही नस मोठ्या पेढीच्या मुख्य शाखेसारखी आहे. खालच्या दातांची संवेदना, जिभेच्या पुढच्या भागाचा स्पर्श, चावण्याच्या चारही स्नायूंना मिळणाऱ्या आज्ञा, हे सारे व्यवहार तिच्या खात्यावर चालतात. तिची एक उपशाखा जबड्याच्या सांध्यामागून वळसा घेऊन कानाकडे आणि कानशिलाकडे जाते. खालची अक्कलदाढ सुजली की कान दुखू लागतो, त्याचे कारण हेच: वेदना एका ठिकाणी जमा होते आणि पावती दुसऱ्या ठिकाणची फाडली जाते. कानात थेंब टाकून आठवडा घालवणारे आणि शेवटी दाढ काढून बरे होणारे रुग्ण दंतवैद्यांना नवे नाहीत.

याहून विलक्षण प्रवास चवीचा आहे. जिभेच्या पुढील दोन-तृतीयांश भागाची चव मेंदूकडे नेणारी बारीक नस मध्यकर्णातून, पडद्याला लागून असलेल्या हाडांच्या मधून जाते. कानातून बाहेर पडून ती याच दरीत जिभेच्या नसेला मिळते. म्हणून कानाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना जिभेच्या एका बाजूस धातूसारखी चव काही काळ जाणवते. श्रीखंडाची गोडी मेंदूपर्यंत पोहोचण्यासाठी कानातून जाते, असे म्हटले तर ते अलंकारिक विधान ठरत नाही.

कानाच्या आत तीन हाडांची साखळी आहे: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड, सुमारे तीन मिलिमीटरचे. १८३७ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल राइशर्ट यांनी डुकराच्या गर्भांचा अभ्यास करताना दाखवले की हातोडी आणि ऐरण यांची घडण जबड्याच्याच मूळ कूर्चेतून होते. सरपटणाऱ्या प्राण्यांत ज्या दोन हाडांनी जबड्याचा सांधा बनतो, तीच हाडे सस्तन प्राण्यांत ऐकण्याच्या कामी लागली. एकत्र कुटुंब विभक्त झाले, पण विजेची जोडणी एकच राहिली. हातोडीला ताण देणारा कानातील चिमुकला स्नायू आजही जबड्याच्या नसेचीच आज्ञा मानतो. कडक खाखरा चावताना स्वतःच्या कानात होणारा गोंगाट तो पडदा ताणून थोडा कमी करतो, असे मानले जाते.

याच नसेच्या आज्ञेत आणखी एक स्नायू आहे, आणि या लेखाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. नाशिकहून मुंबईस जाताना कसारा घाट उतरू लागला की कानांना दडे बसतात. मध्यकर्णातील हवेचा दाब आणि बाहेरचा दाब यांत फरक पडलेला असतो. जाणते प्रवासी आवंढा गिळतात किंवा जांभई देतात आणि कान 'मोकळे' होतात. मध्यकर्णापासून नाकाच्या मागच्या बाजूपर्यंत सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची एक नळी असते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टॅकी यांच्या नावाने ती ओळखली जाते. एरवी ती मिटलेली असते. गिळताना टाळूला ताण देणारा एक स्नायू तिचे तोंड ओढून उघडतो. हा स्नायू कवटीच्या तळापासून खाली उतरतो, वरच्या अक्कलदाढेच्या मागे असलेल्या हाडाच्या बारीक आकड्याला वळसा घालतो आणि आडवा होऊन मऊ टाळूत पसरतो. विहिरीवरचा दोर कप्पीवरून वळावा, तशी ही रचना आहे. दोर मऊ आणि कप्पी मोकळी असेल तोवर कानात हवा खेळती राहते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळपास आडवी असते. सर्दी झाली की त्यांचे कान लवकर बिघडतात, ते यामुळे.

आता त्या सवयीकडे वळू. जेवणानंतर मुखवासाची डबी फिरते. बडीशेप आणि धनाडाळ यांच्याबरोबर सुपारीची कतरण असते. दुकानात आलेल्या पाहुण्यापुढे सुपारी ठेवणे हा सौजन्याचा भाग. दिंडोरी रोडवरील बाजार समितीच्या आवारात असो वा पंचवटी कारंजाच्या गल्लीतील गादीवर, दिवसभर बोलावे लागणाऱ्या माणसाच्या गालात एक खांड असतेच. तंबाखूला ज्या घरात प्रवेश नाही, तेथेही सुपारीला आहे. जैन आहारविचाराने मात्र सुपारीला कधी 'काहीच नाही' असे मानलेले नाही. अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चार आहारांत ती स्वादिमात मोडते, आणि चौविहाराचे पचक्खाण घेणाऱ्यास सूर्यास्तानंतर तीही वर्ज्य असते. बेशिस्त सुरू होते ती दिवसभराच्या मोजदादीत. जेवणाच्या पोळ्या मोजल्या जातात. खांडे कोणी मोजत नाही.

१९५२ साली केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक विचित्र विकार आढळल्याची नोंद श्वार्ट्झ या दंतवैद्याने केली. त्यांच्या गालांचे व टाळूचे अस्तर पांढरट, ताठ झाले होते. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानी यांच्या अशाच विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. ते दातांच्या नव्हे, कान-नाक-घशाच्या नियतकालिकात आले, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यानंतर डेन्मार्कचे जेन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या कर्करोग-संशोधक डॉ. सत्यवती सिरसाट यांनी १९६६ साली या विकाराचा जो सविस्तर आढावा घेतला, त्याचा आधार आजही घेतला जातो. विकाराचे नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. दवाखान्यांत त्याला 'ओएसएमएफ' म्हणतात. साध्या मराठीत, तोंडाच्या अस्तराखालची जागा चिवट धाग्यांनी भरून जाणे.

सुपारीत अ‍ॅरेकोलीन नावाचे अल्कलॉइड असते. ते अस्तराखालील पेशींना कोलॅजन, म्हणजे जखम भरताना तयार होणारे धागे, अधिक बनवण्यास प्रवृत्त करते. सुपारीतील तुरट द्रव्ये या धाग्यांना असे पक्के करतात की शरीराला ते विरघळवता येत नाहीत. कातडे कमावण्याच्या क्रियेशी याचे साम्य आहे. सुपारीत तांबेही बऱ्यापैकी असते, आणि धाग्यांना एकमेकांत गुंफणाऱ्या विकराला तांब्याची गरज असते. आवक वाढली, जावक थांबली आणि मालाला गाठी मारल्या गेल्या, अशी ही तिहेरी क्रिया आहे. तिच्यासाठी तंबाखूची आवश्यकता नाही. भाजकी, चिकणी, गोड, कोणत्याही रूपातील सुपारी ती घडवू शकते. तंबाखूविरहित सुपारी हीसुद्धा माणसात कर्करोग निर्माण करणारी आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दिला आहे.

पहिले लक्षण वेदनेचे नसते. तिखट झोंबू लागते. नाशिककराला मिसळ, मग ती कांदा-लसणाशिवाय केलेली का असेना, सोसेनाशी होते आणि तो दोष तिखटाला देतो. पुढे गालाच्या आतून बोट फिरवल्यास उभ्या दोऱ्या हाताला लागतात. वर ज्या हाडाच्या आकड्याचा उल्लेख आला, तेथून खालच्या जबड्याकडे एक तंतुमय पट्टी जाते. त्या भागातील दोऱ्या ताठ झाल्या की जबडा उघडण्यास जागा उरत नाही. पाणीपुरी एका घासात मावत नाही. शिटी वाजत नाही, गाल फुगत नाही, जीभ पूर्ण बाहेर येत नाही. पडजीभ आक्रसते व आवाजात अनुनासिकता येते. सांधा निरोगी असतो, स्नायूंना आज्ञाही मिळत असते. पण दाराला आतून दोर बांधलेला असतो. कालांतराने न वापरलेला टेम्पोरॅलिसही आखडतो आणि बंदिस्त करणाऱ्यांच्या बाजूने उभा राहतो.

कानाचा प्रश्न येथे येतो. हे धागे मऊ टाळूत आणि त्याच्या स्नायूंत शिरले की कप्पीवरचा दोर ताठरतो. गिळताना कानाची नळी पुरेशी उघडत नाही. कान भरल्यासारखा वाटतो, कानात दुखते, काहींना थोडे कमी ऐकू येऊ लागते. घाटात बसलेला दडा घरी पोहोचल्यावरही सुटत नाही. पन्नाशीच्या व्यापाऱ्याला वाटते, वय झाले. विशी-पंचविशीच्या मुलाला काय वाटावे? तो कानात तेल घालतो, जे कोणाच्याही कानात घालू नये, आणि सुपारीचा विषय कोणी काढत नाही. कान तपासणाऱ्याने तोंड उघडायला सांगितले तरच धागा सापडतो.

प्रौढ माणसाचे तोंड साधारणपणे चाळीस ते पन्नास मिलिमीटर उघडते. मोजपट्टीची गरज नाही. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढील दातांमध्ये घालून पाहावीत. तीन सहज मावली तर ठीक. दोनच मावत असतील तर दंतवैद्याकडे जाण्यास सबब नाही. एकच मावत असेल तर घरातील थोरांनी त्याला सोबत घेऊन जावे. अर्थात तोंड न उघडण्याला दुसरीही कारणे असतात: अक्कलदाढेचा पू, सांध्याला झालेली इजा, आणि जखमेनंतर उद्भवणारा धनुर्वात, ज्यात जबडा आवळला जाणे हे अनेकदा पहिले लक्षण असते. ती सारी अचानक येतात. सुपारीचा विकार पायऱ्या-पायऱ्यांनी येतो, म्हणून तो घरात बसल्या जागी दिसत नाही.

भूलतज्ज्ञांना या विकाराची विशेष धास्ती असते. हर्नियाची किंवा पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरते; रुग्णाच्या तोंडाशी तिचा काही संबंध नसतो. परंतु पूर्ण भूल देताना श्वासाची नळी बहुधा तोंडातूनच घातली जाते. एक बोटभर उघडणाऱ्या तोंडातून ती घालता येत नाही. मग नाकातून, दुर्बिणीच्या साहाय्याने, रुग्ण जागा असतानाच नळी घालण्याची तयारी करावी लागते. भूलतज्ज्ञ आधी तोंड उघडून दाखवा म्हणतो, तेव्हा 'तोंडाचे काही नाही, पोटाचे आहे' असे उत्तर देणे अनाठायी आहे.

या विकारातून पुढे कर्करोग किती जणांना होतो? मुंबईच्या संशोधकांनी केरळातील एर्नाकुळम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला व १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ७.६ टक्के जणांना, म्हणजे पाच जणांना, तोंडाचा कर्करोग झाला. संख्या लहान वाटेल. कोणताही सावकार तेराजणांमागे एक बुडीत खाते अशा दराने कर्ज देणार नाही.

महाराष्ट्राने गुटख्यावर पहिली बंदी २००२ साली घातली. ती न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे गुटखा आणि पान मसाला यांच्यावर पुन्हा बंदी आली व पुढे सुगंधित सुपारीही तिच्या कक्षेत घेण्यात आली. साधी सुपारी मात्र किराणा मालाच्या यादीत आहे. पूजेसाठी लागते, लग्नात लागते आणि तिचा व्यापार सचोटीने करणारी घराणी आहेत. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पूजेत मांडलेली सुपारी कोणाच्या गालात राहत नाही. आक्षेप घेण्याजोगी वस्तू वेगळी आहे: काउंटरवरील बरणीतून सुट्या पैशांच्या बदल्यात मुलांच्या हाती पडणारी गोड सुपारीची पुडी. ज्या वयात कानाची नळी अजून पुरती वाढलेली नसते, त्या वयात ही सवय लागते. आणि ती देणारे हात पुष्कळदा आजोबांचेच असतात.

पंचवटीतच, मुंबई-आग्रा महामार्गालगत, कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही जवळच म्हसरूळला आहे. तपासणीसाठी घाट उतरण्याची गरज नाही. प्रारंभीच सुपारी सुटली तर जळजळ कमी होते आणि विकार पुढे सरकण्याचे थांबू शकते. झालेला ताठरपणा मात्र आपोआप सहसा उलटत नाही. दोऱ्यांमध्ये स्टिरॉइड आणि धागे सैल करणारे विकर यांची इंजेक्शने दिली जातात. तोंड फारच मिटले असेल तर शस्त्रक्रियेने दोऱ्या कापून मोकळ्या जागी नाकाशेजारची त्वचा किंवा गालातील चरबीचा थर बसवतात. आखडलेला टेम्पोरॅलिस सोडवण्यासाठी काही वेळा ज्या शिंगाला तो जोडलेला असतो तेच कापून काढावे लागते.

शस्त्रक्रिया एका दिवसाची असते. व्यायाम पुढे कित्येक महिने चालतो. जखम भरताना नवे धागे पुन्हा तोंड आवळू पाहतात. म्हणून रुग्णाला आइस्क्रीमच्या सपाट लाकडी काड्यांची चळत देतात. ती मागच्या दातांमध्ये धरायची आणि दर काही दिवसांनी मधोमध आणखी एक काडी सरकवायची, दिवसातून अनेकदा, दुखत असताना. किती काड्या मावल्या याची तारीखवार नोंद ठेवावी लागते. दुकानाची खतावणी लिहिणाऱ्या घरांत ती वही ठेवणे अवघड जाऊ नये, पण व्यायाम अर्ध्यावर सोडणारे रुग्ण पुष्कळ असतात आणि त्यांच्या काड्यांची संख्या पुन्हा उतरू लागते.